डावं-उजवं

३ फेब्रुवारी

ताई,

पत्राबरोबर एक कार्ड पाठवतोय. आधी पत्र वाच आणि मग कार्ड बघ. उलटं केलंस तर पत्र वाचायची वेळच येणार नाही, ते सरळ तुमच्या सर्कशीच्या चुलीत जाईल.

तर, तुझं चित्र पूर्ण झालं. डिसेंबरात तुमचा तंबू आमच्या गावाबाहेर होता, तेव्हा मी तीन सकाळी तुझ्या त्या कापडी खोलीत ट्रंकेवर बसून रेखाटनं केली होती, त्यावरून. तुला माझ्यासमोर बसायला फुरसत कुठे होती! माझ्याकडे पाठ करून तू आरशापुढे तोंड रंगवायचीस, आणि मी जरा मान वर कर म्हटलं की दम द्यायचीस, "रंगाऱ्या, मी माझं तोंड रंगवते, तू तुझं काम बघ." मी बघितलं. दिवसा दुकानांच्या पाट्या रंगवायच्या आणि उरलेल्या वेळात तू, असे सहा आठवडे गेले. हात टर्पेंटाइनने सोलून निघालेत.

इथल्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आम्हा पाच जणांचं प्रदर्शन लागलंय. आम्ही अभिव्यक्तिवादी. म्हणजे असं, की डोळ्यांना जे दिसतं ते नाही काढायचं, आत जे वाटतं ते काढायचं. त्यामुळे गाल हिरवा आहे म्हणून घाबरू नकोस. मान जांभळी आहे, तिलाही घाबरू नकोस. चित्राचं नाव 'झेलणारी'. प्रदर्शनाच्या कार्डावर तेच छापलंय, पाचांपैकी माझंच, हे आपलं सहज सांगतो.

आईला नेऊन दाखवलं. ती दहा मिनिटं चित्रासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या बहिणीची पोर आहे ना ही? मग तिला झालंय काय? कावीळ म्हणावी तर ती पिवळी असते." हॉलमधले सगळे हसले. मीही हसलो, पण घरी येईपर्यंत कान गरम होते.

तुला कसं वाटलं ते लिही. खरं लिही, पण जरा हळू हाताने.

तुझा रंगारी

० ० ०

९ फेब्रुवारी
मुक्काम तंबू

रंगाऱ्या,

कार्डच आधी बघितलं. तू नको म्हणालास ना, मग.

अभिव्यक्तिवादी म्हणे! वाद घालायची तुझी खोड लहानपणापासूनची, आता तिला पाटी मिळाली एवढंच. अरे, हिरवा गाल मी समजू शकते, आमच्या जोकरचा रोज असतो. पण बोटं? वेलीला दुधी लटकावेत तशी लटकावली आहेस. तुझे दाजी म्हणाले, "मेव्हण्याने तुझा हात बरोबर ओळखलाय, संसारभर मी तो खातोय." असल्या विनोदांवर हसत माझी आता बावीस वर्षं गेली.

कार्ड स्वयंपाकाच्या तंबूत खांबाला टाचलंय. येणारा-जाणारा बघतो. जोकर म्हणतो, हे मला द्या, मी मेकअपला समोर ठेवीन. आमच्या वन्संनी मात्र ते हातात धरून फार वेळ बघितलं. वन्सं म्हणजे तुझ्या दाजींची धाकटी बहीण, माझी नणंद. माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान आहे, मी तिला चिडवायला वन्सं म्हणते आणि ती उगाच मोठेपणा मिरवते. तू तिला बघितलंयस, झुल्यावरून सुटून माझ्याकडे उडत येते तीच. जगात नणंदा भावजयीच्या नावाने बोटं मोडतात. आमची एकटीच अशी, की दिवसातून दोनदा स्वतःचा जीव उचलून भावजयीच्या हातात देते. खाली ती माझा शब्द झेलते, वर मी तिला झेलते. असं आमचं बरं चाललंय.

एक विचारते. उजवा खांदा असा का पाडलायस? ओली पिशवी खुंटीवरून घसरावी तसा दिसतोय. तुला तसं काही दिसलं का? तीन सकाळी बसला होतास. काय दिसलं ते सरळ सांग. माझं काही नाही, पण इथे लोक विचारतात.

मावशीला सांग, कावीळ नाही, भाचीपेक्षा मुलगाच हिरवा आहे.

तुझी ताई

० ० ०

१४ फेब्रुवारी

ताई,

दुधी! इथल्या वर्तमानपत्रात कलेवर लिहिणारे एक गृहस्थ आहेत, त्यांनी त्याच बोटांना 'आक्रोश करणारी बोटं' म्हटलंय. आणि खांद्याबद्दल तर अर्धा रकाना आहे. 'या ढळलेल्या खांद्यावर साऱ्या कष्टकरी स्त्रीजातीचं ओझं आहे.' मी ते कात्रण पाकिटात घेऊन फिरतो. काल लाँड्रीची पाटी रंगवताना मालक म्हणाला, "ळ जरा मोठा काढा," तेव्हा मनात म्हटलं, तुला माहीत नाही तू कोणाशी बोलतोयस.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, मला काही दिसलं नाही. दिसलेलं काढायचंच नसतं, तेच तर सांगतोय. तो खांदा मी मनाने पाडला. तुला आठवत असेल, मी सात वर्षांचा असताना माझ्या तळपायाला गळू झालं होतं. तू तेरा-चौदाची. दोन महिने मला पाठुंगळी घेऊन शाळेत सोडायचीस आणि परत आणायचीस, आणि वाटेत मी तुझे कान धरून 'डावीकडे वळ, उजवीकडे वळ' करायचो. रंगवताना तेच डोक्यात होतं. आधी मी, मग तुझा संसार, मग रोज दोनदा एक अख्खं माणूस. खांदा पडणार नाही तर काय होईल, असं वाटलं आणि पाडला. शपथ, बाकी काही नाही.

तुझा खांदा उत्तम आहे, हे मला ठाऊक आहे. लोकांना सांग, कलाकाराची कल्पना आहे.

तुझा रंगारी

० ० ०

२२ फेब्रुवारी
मुक्काम तंबू

रंगाऱ्या,

तुझं पत्र आलं आणि बरं वाटलं. कल्पनाच आहे ना? झालं तर मग.

आता गंमत ऐक. तुझ्या त्या कल्पनेने इथे माझी परीक्षा झाली. कार्ड बघितल्यापासून वन्सं माझ्या मागे लागली होती. "वहिनी, तुझ्या भावाने उगाच नाही काढलं. तुझा उजवा खांदा दुखतोय का? खरं सांग." नाही म्हटलं तर भावाकडे गेली. मग परवा सगळ्यांसमोर तुझ्या दाजींनी मला उजव्या हाताने दांडीला लटकवलं आणि साठपर्यंत मोजलं. मी एकसष्टवर गाणं म्हणायला लागले. जोकरने टोपी काढून सलाम ठोकला. तुझं चित्र सपशेल खोटं निघालं. तोंडावर पडलास बघ! तुझे दाजी इतके खूश, की त्यांनी त्याच दमात जाहीर केलं: पुढच्या गावी, वीस मार्चला, वन्सं हवेत तीन कोलांट्या घेऊन माझ्या हातात येणार. दोन तर ती नेहमीच घेते. तीन आमच्या तंबूत अजून कोणी घेतलेल्या नाहीत.

वन्संचा सराव जोरात आहे. फक्त तिच्या डाव्या मनगटाची जरा तक्रार आहे. मी उलटी लटकलेली असते ना, त्यामुळे तिचं उजवं मनगट माझ्या उजव्या हातात येतं आणि डावं डाव्यात. तर डावीकडे हल्ली पकड बसत नाही असं तिला वाटतं. मनगट कच्चं राहिलंय म्हणते. "चित्रातसुद्धा बघ, वहिनीचा डावा खांदा कसा खांबासारखा ताठ आहे," असं स्वतःच म्हणाली. पट्टी घट्ट बांधून सराव करते. होईल ठीक.

इथे ऊन तापायला लागलंय. तंबूचं कापड दुपारी हात लावू देत नाही. तू जेवतोस ना वेळेवर?

तुझी ताई

० ० ०

२७ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र एकटी असताना वाच.

दुसरं चित्र करावं म्हणून काल तुझी तिन्ही रेखाटनं काढून बसलो. पहिल्या रेखाटनात तुझ्या मागे एक पाटी आहे. 'आज दोन खेळ' लिहिलेली, आपल्या पाठीमागे कापडाला टेकवून ठेवलेली होती ती. रंगवताना मी ती काळ्या रंगात बुडवली, म्हणून कार्डावर दिसत नाही. पण रेखाटनात आहे, आणि तिच्यातली अक्षरं उलटी आहेत. सगळी. पाट्या रंगवणारा माणूस मी, उलटं अक्षर मला झोपेतही खुपतं, आणि मीच ते निमूटपणे उतरवून घेतलंय.

मग डोक्यात प्रकाश पडला. तू माझ्याकडे पाठ करून बसली होतीस. मी तुला बघितलंच नाही, मी आरशाला बघितलं. तोंड समोरून दिसत होतं म्हणून समोरून काढलं, डावं-उजवं काही मनात आलं नाही. चित्रात जो उजवा दिसतोय तो तुझा डावा खांदा आहे.

आणि ताई, तो तिन्ही रेखाटनांत तसाच आहे. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी. तेव्हा माझ्या डोक्यात ना गळू होतं, ना शाळा, ना स्त्रीजातीचं ओझं. हे सगळं मी मागाहून रचलं. त्या तीन सकाळी मी फक्त जे होतं ते काढत होतो. भुवई रंगवायला तू डावा हात वर नेला नाहीस, मान खाली हाताकडे आणलीस. तेही तिन्ही रेखाटनांत आहे. सहा आठवडे मला वाटत होतं की मी तुझा खांदा कल्पनेने वाकडा केला. मी काहीच केलं नाही. मी नुसती नक्कल केली, आणि तीही न समजता.

दाजींनी तुझा उजवा हात तपासला. डावा कोणी तपासला?

आणि त्या मुलीचं डावं मनगट कच्चं नाही, हो ना?

लगेच लिही.

तुझा रंगारी

० ० ०

५ मार्च
मुक्काम तंबू

रंगाऱ्या,

तुझं पत्र चार वेळा वाचलं आणि पाण्याच्या बादलीत बुडवलं. शाई गेली, मजकूर काही डोक्यातून जाईना.

हो. डावाच. गेल्या वर्षी जानेवारीत गेला. वन्सं नेहमीपेक्षा हातभर आधी सुटली होती, तिला घ्यायला मी अंग लांबवलं आणि आत काहीतरी कापड फाटल्यासारखं फाटलं. तिला घेतलं मात्र. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उतरल्यावर मी तंबूच्या मागे जाऊन शाल तोंडात कोंबून रडले, आणि मग दुसऱ्या खेळाला परत चढले. तेव्हापासून सगळा भार उजव्यावर घेते. डाव्याने तिला धरते ते नुसतं नावाला. तिला वाटतं पकड बसत नाही, तर तिची बसत नाही असं नाही, मीच देत नाही. उजव्यावर साठपर्यंत लटकले त्यात नवल ते काय? तो तर वर्षभर दोघांचं काम करतोय, नव्वदपर्यंत लटकले असते.

तुझं कार्ड आलं तेव्हा मला वाटलं, याला कळलं.  मग तुझं पत्र आलं की कल्पना आहे, आणि कार्डावर खांदा उजवा. तुझ्या चित्राने माझी खांदेपालट केली आणि मी ती मुकाट्याने घेतली. तुला हसून पत्र लिहिलं. लाज वाटत होती, तरी लिहिलं.

का सांगत नाही म्हणशील. तुझे दाजी गुडघा गेल्यावर उतरले, तेव्हापासून झेलायला मी एकटी. मी उतरले की झुल्याचा खेळच उतरला. पण ते लोकांना सांगायचं कारण झालं. तुला खरं सांगते. जमिनीवर मी कोण आहे रे? बेचाळीस वर्षांची बाई, आवाज मोठा, हात खरखरीत. इथल्या उतरलेल्या बायकांना मी बघते, त्या खेळाच्या कपड्यांना टिकल्या शिवतात. मला सुईत दोरा ओवता येत नाही. वर उलटी लटकले ना, की मला सगळं सरळ दिसतं. तेवढ्या बारा मिनिटांत माझ्यासारखी दुसरी कोणी नाही. ते सोडवत नाही.

सगळ्यात वाईट ते आता लिहिते. परवा वन्सं माझ्या शेजारी बसून पट्टी गुंडाळत होती. म्हणाली, "वहिनी, माझ्या कच्च्या मनगटापायी तुझ्यावर जास्त भार पडतो ना गं? माफ कर हं." आणि मी काय केलं माहीत आहे? पट्टीचं दुसरं टोक धरलं. गाठ मारून दिली.

तुला पाठुंगळी नेलं त्याची आठवण मी कधी काढली नाही, तूच काढलीस. आता मी काढते. कोणाला सांगू नकोस. वीस तारीख होऊ दे. तीन कोलांट्या मी तिला झेलून देईन, आणि मग आपणहून उतरेन. तोंडाला कुलूप लाव.

ताई

० ० ०

१० मार्च

ताई,

तुला दोष द्यायला मी कोण? तू दुखणं लपवलंस. मी दुखणं बघितलं, रंगवलं, त्याला सोनेरी चौकट लावली आणि त्यावर शाबासकी घेतली. दोघांत कोण जास्त आंधळं हे देवालाच ठाऊक.

त्या वर्तमानपत्रवाल्या गृहस्थांना जाऊन सांगितलं, की चित्र आरशातून निघालंय, चूक झाली. ते म्हणाले, "वा! आरसा! मग तर अर्थ आणखी खोल गेला." माणूस विहिरीत पडला तरी हे काठावरून खोली मोजतील. कात्रण फाडून टाकलं.

तू जमिनीवर कोण आहेस, हे तू मला विचारलंस. मला पाठुंगळी घेऊन जाणारी मुलगी जमिनीवरूनच चालत होती. मला ती पुरे आहे, पण तुला ती पुरणार नाही हेही समजतं. माझे रंग कोणी काढून घेतले तर मी काय करेन, मला माहीत नाही. म्हणून 'उतर' असं लिहायला माझा हात धजत नाही.

पण ताई, वीस तारखेला तीन कोलांट्या घेतलेली मुलगी तुझ्याकडे जास्त वेगाने येणार, आणि तुझा एकच हात आहे. हे तुला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. शिवाय त्या पट्टीची एक गाठ तू मारलीस तर दुसरी माझ्या चित्राने मारलीय. माझ्या चित्रात तुझा डावा खांदा ताठ आहे, म्हणून ती स्वतःला दोषी समजते. माझं चित्र तिच्याशी खोटं बोलतंय. तेवढं मला दुरुस्त केलंच पाहिजे.

तुझ्या खांद्याबद्दल मी कोणाला एक अक्षर सांगणार नाही. पण सोळा तारखेला मी तिला एका ओळीचं पत्र टाकणार: 'चित्र आरशातून काढलेलं आहे.' एवढंच. पुढचं ती समजेल. त्याआधी तू सांगितलंस तर मी लिहिणार नाही.

माझ्यावर चिडशील. चिड.

तुझा रंगारी

० ० ०

१४ मार्च

खबरदार तिला काही लिहिलंस तर. तुझं चित्र, तुझी चूक, तुझी दुरुस्ती! अन् खड्ड्यात कोण जाणार? मी. तुझ्या एका ओळीने माझी बावीस वर्षं पुसली जातील. तू लिहिलंस तर तुला ताई नव्हती असं समज. मी पण समजेन, की पाठीवर होतं ते दप्तरच होतं.

० ० ०

१९ मार्च

ताई,

सोळा तारखेला पत्र लिहिलं. पाकिटात घातलं, तिकीट लावलं, पेटीपर्यंत तीनदा गेलो आणि परत आलो. ते अजून माझ्या टेबलावर आहे. भित्रा म्हण नाहीतर भाऊ म्हण.

उद्या वीस तारीख. इथे माझा जीव टांगणीला लागलाय. टांगून घ्यायची सवय तुला, मला नाही. सकाळी एका न्हाव्याच्या पाटीवर 'केस' च्या जागी 'सके' लिहिलं, आणि मालकाने दाखवेपर्यंत मला कळलं नाही.

आई विचारते, पत्र का येत नाही. काय सांगू?

दोन शब्द कळव. शिव्या असल्या तरी चालतील.

रंगारी

० ० ०

२६ मार्च
मुक्काम तंबू

रंगाऱ्या,

शिव्या मागच्या पत्रात दिल्या त्या पुरे. त्या परत घेते. दप्तराचं तर पहिल्यांदा परत घेते.

मावशीला सांग, सगळे धडधाकट आहेत. आता नीट क्रमाने लिहिते.

सतरा तारखेला सकाळी सराव होता. मी हातांना पावडर लावून शिडीपाशी उभी, वन्सं येईना. बघते तर ती मॅनेजरच्या टेबलापुढे उभी होती. तुझे दाजीही तिथेच. जवळ गेले तर तिचं बोलणं कानावर आलं. "वीस तारखेचं रद्द करा, आणि त्यानंतरचंही. माझं मनगट साथ देत नाही. मी इतकी वर्षं वहिनीच्या जिवावर उडाले, आता माझ्या चुकीने तिचा हात जायला नको. मला खालचं काही काम द्या." बोटं निळी पडली होती रे तिची, इतकी घट्ट पट्टी होती. सव्वीस वर्षांची पोर. उडण्याखेरीज तिने आयुष्यात काही मागितलेलं नाही, आणि ते ती माझ्यासाठी सोडायला निघाली होती. मॅनेजर मान डोलवत होता. मी दोन मिनिटं गप्प बसले असते ना, तर माझं सगळं निभावलं असतं. मी वर, ती खाली, आणि दोष तिचा. खरं सांगते, एक क्षण तेही मनात आलं. तुला नाही लपवत आता काही.

मग माझ्या तोंडून निघालं, "मनगट चांगलं आहे तिचं. खांदा माझा गेलाय. डावा. वर्ष झालं."

 तुझ्या दाजींनी जवळ येऊन माझा डावा हात धरला आणि वर उचलला. छातीपाशी येताच मी ओरडले. त्यांनी हात हळूच खाली ठेवला, आणि जाऊन दोर तपासत बसले. सकाळी तपासलेलेच दोर. वन्संनी मनगटाची पट्टी सोडली, घडी केली, माझ्या हातावर ठेवली आणि गेली.  तिने मला चार लोकांत झापलं असतं तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी सांगितलं, पुन्हा लटकायचं नाही. जड उचलायचं नाही. मी विचारलं, हलकं काय काय असतं? 

आठ दिवस वन्सं माझ्याशी बोलली नाही. जेवायला यायची आणि मी दिसले की माघारी जायची. मी तिला तुझं कार्ड दाखवलं, आरशाचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. तुझे दाजी रात्री म्हणाले, "तिला राग तू खांदा लपवलास त्याचा नाही आला. पट्टीचा आलाय." मला ते ठाऊकच होतं. गाठ मारून दिली होती मी.

वीस तारखेचं रद्द झालं. काल पहिला खेळ. तीन कोलांट्या नाहीत, झेलणारं कोणी नाही; एका झुल्यावरून सुटायचं आणि दुसऱ्या झुल्याची दांडी धरायची, एवढंच, खाली जाळी. मी जाळीच्या कडेला उभी राहिले. कुठे उभं राहायचं ते मला समजत नव्हतं, हात कुठे ठेवायचे तेही. वन्सं माझ्या अंगावरून शिडीकडे गेली आणि वर चढली. दांडी हातात घेतली. वाद्यवाल्यांनी धून वाजवली, ती सुटली नाही. त्यांनी तीच पुन्हा वाजवली. लोक कुजबुजायला लागले. मला वाटलं, भ्याली पोर, मी घालवली हिला.

कधी सुटायचं ते नेहमी मी सांगते. लटकल्या जागेवरून 'हां!' म्हणून हाक देते, मग ती पायाखालची फळी सोडते. आठ वर्षांत एकदाही ती हाकेशिवाय सुटलेली नाही. हे माझ्या ध्यानातच नव्हतं. वरून ती खच्चून ओरडली, सगळ्या तंबूला ऐकू जाईल असं:

"वहिनी! हाक कोण देणार?"

 पहिल्यांदा नुसती हवा निघाली. मग दिली. "हां!"

सुटली.

तुला एक सांगू? मी तिला आठ वर्षं रोज दोनदा झेललं. पण उलटं लटकलेल्या बाईला दिसतं काय? मनगटं. नजर तिथून हलली तर पोर गेली. तिची मनगटं मी डोळे बांधूनही ओळखेन, उडतानाचं तोंड मात्र मी कधी बघितलंच नव्हतं. काल बघितलं.

उडताना ती हसते रे. सगळे दात दाखवून, शाळा सुटल्यासारखी. आठ वर्षं ती अशी हसत माझ्याकडे येत होती.

तुझी ताई